हायब्रिड गाडीला मॅगव्हील घेताना इंचाआधी ईटी विचारा

२०२२ मध्ये सिटी ई-एचईव्ही, ग्रँड व्हिटारा, हायरायडर आल्या, पाठोपाठ इनोव्हा हायक्रॉस आली, आणि आता होटगी रोड असो की जुळे सोलापूर, हायब्रिड गाडी दिसली म्हणून कुणी मान वळवून बघत नाही. या गाड्या घेणाऱ्यांचा हिशेब सरळ असतो. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण पेट्रोल कमी लागलं पाहिजे. मग वर्षभराने चाकांकडे लक्ष जातं. कंपनीची चाकं साधी वाटायला लागतात, किंवा एखादं चाक खड्ड्यात वाकतं आणि चारही बदलायचं मनात येतं. टायरच्या दुकानात १८ इंची काळी-चंदेरी मॅगव्हील, म्हणजे ॲलॉयची चाकं, भिंतीवर टांगलेली असतात. विचारलं की उत्तर तयार असतं, "बसतंय की ओ मालक, पाच नटाचं आहे."

पाच नट जुळले की चाक बसतं, हे खरं. पण बसल्यावर ते आत शॉकॲब्सॉर्बरजवळ सरकणार की बाहेर मडगार्डकडे येणार, हे नटांवरून कळत नाही. ते कळतं ईटी या आकड्यावरून. त्यालाच ऑफसेट म्हणतात. चाक घेताना इंच, रंग, डिझाइन यांच्या आधी हा आकडा विचारायला हवा, आणि हायब्रिड गाडीत त्याच्या जोडीला टायरही तितकाच बारकाईने बघायला हवा.

ईटी म्हणजे नेमकं काय

चाक मधून उभं कापलंय असं समजा. रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर एक रेघ काढा. आता चाकाचा जो सपाट भाग गाडीच्या हबला, म्हणजे चाक जिथे नटांनी आवळलं जातं त्या भागाला, टेकतो, तो या रेघेपासून किती मिलिमीटर दूर आहे ते मोजा. हे अंतर म्हणजे ईटी. टेकणारा भाग रेघेपासून बाहेरच्या, म्हणजे रस्त्यावरून दिसणाऱ्या बाजूला असेल तर ईटी अधिक. आतल्या बाजूला असेल तर उणे. आपल्याकडच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या जवळजवळ सगळ्या गाड्यांचा ईटी अधिकच असतो, बहुधा ३५ ते ५५ च्या दरम्यान.

लक्षात ठेवायचं एवढंच, की ईटी वाढला तर चाक आत जातं आणि ईटी कमी झाला तर बाहेर येतं.

गोंधळ होतो तो रुंदीमुळे. समजा, तुमच्या गाडीचं मूळ चाक १७ × ६.५ जे, ईटी ५० आहे. यातले १७ म्हणजे व्यास इंचांत, ६.५ म्हणजे रिमची रुंदी इंचांत, आणि जे हा रिमच्या कडेच्या आकाराचा प्रकार. दुकानात तुम्हाला १७ × ७.५ जे, ईटी ३५ चं चाक आवडलं. रुंदी एक इंचाने, म्हणजे २५.४ मिलिमीटरने वाढली. ती मध्यरेघेच्या दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी वाटली जाते, म्हणजे १२.७ आत आणि १२.७ बाहेर. शिवाय ईटी १५ ने कमी झाला, म्हणून अख्खं चाक १५ मिलिमीटर बाहेर सरकलं. बाहेरची कड एकूण १२.७ अधिक १५, म्हणजे २७.७ मिलिमीटर बाहेर आली. आतली कड १२.७ ने आत जायची होती, पण १५ ने बाहेर ओढली गेली, म्हणून मूळच्यापेक्षा २.३ मिलिमीटर बाहेरच राहिली. आत घासणार नाही, पण बाहेर जवळजवळ तीन सेंटिमीटर. बऱ्याच गाड्यांत एवढं चाक मडगार्डच्या कडेबाहेर डोकावतं.

आता दुसरं चाक बघा, १८ × ७ जे, ईटी ४५. रुंदी अर्ध्या इंचाने वाढली, दोन्हीकडे साधारण ६.३५. ईटी ५ ने कमी. बाहेर ११.३५, आत १.३५ मिलिमीटर. आतला बदल नगण्य, बाहेरचा सव्वा सेंटिमीटरच्या आत. दोन्ही चाकं भिंतीवर शेजारी टांगली तर फरक नजरेला कळणारही नाही. कागदावर मात्र एक मिनिटात कळतो. म्हणून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हा हिशेब केल्याशिवाय पैसे देऊ नका.

बाहेर आलं तर बिघडलं कुठे?

गाडी रुंद दिसते, उभी छान वाटते, म्हणून ईटी कमी असलेली चाकं लोकांना आवडतात. पण हबच्या आत जे बेअरिंग असतं, ते गाडीचं वजन ठरावीक जागी पडेल असं धरून बनवलेलं असतं. पाण्याने भरलेली बादली अंगालगत धरली तर हात बराच वेळ टिकतो, तीच हात लांब करून धरली तर खांदा लगेच भरून येतो. चाक बाहेर सरकलं की बेअरिंगची हीच गत होते. वजन तेवढंच, पण तरफ लांबली. मग काही महिन्यांनी ६०-७० च्या वेगाला 'हूं' असा एकसुरी आवाज यायला लागतो आणि वळणावर तो कमी-जास्त होतो. हायब्रिड गाडी कमी वेगात निव्वळ मोटरवर निःशब्द चालते, त्यामुळे हा आवाज तिच्यात लवकर कानावर येतो, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

दुसरा परिणाम स्टिअरिंगवर. पुढचं चाक ज्या कलत्या रेषेभोवती वळतं, ती रेषा खाली वाढवली तर टायरच्या मध्याजवळ कुठेतरी जमिनीला टेकते. तो बिंदू आणि टायरचा मध्य यांतलं अंतर कंपनीने विचार करून ठरवलेलं असतं. चाक बाहेर गेलं की हे अंतर बदलतं. एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंगला हिसका बसतो. एक चाक डांबरावर आणि दुसरं साइडपट्टीच्या मातीत असताना जोरात ब्रेक मारला तर गाडी ओढते. उसाच्या हंगामात मोहोळ किंवा अक्कलकोटच्या रस्त्यावर समोरून डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर आला की नेमकं हेच करावं लागतं, डावी चाकं मातीत आणि पाय ब्रेकवर.

ईटी वाढवून चाक आत घेतलं तर धोका वेगळा. टायर शॉकॲब्सॉर्बरला किंवा स्प्रिंगच्या वाटीला घासू शकतो. गाडी रिकामी असताना सगळं ठीक वाटतं. घरचे सातजण आणि सामान घेऊन तुळजापूरच्या घाटात गेलात, पूर्ण स्टिअरिंग फिरवलं आणि त्याच वेळी खड्डा आला, की घासल्याचा आवाज येतो. बाहेरून बघताना दिसणारही नाही अशा जागी टायर कापला जातो.

स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये बसवायची चकती, लावणं म्हणजे ईटी कमी करणंच. १५ मिलिमीटरचा स्पेसर लावला की ईटी ५० चं चाक ईटी ३५ सारखं वागतं, आणि वर नटाला धरायला आटे कमी उरतात ते वेगळंच. मी रोजच्या गाडीला स्पेसर लावायला सांगणार नाही.

हायब्रिडमध्ये वजनापेक्षा टायर महाग पडतो

मॅगव्हीलबद्दल बोलताना सगळे वजनावर बोलतात. हलकं चाक, जास्त मायलेज. साध्या पेट्रोल गाडीत त्यात तथ्य आहे. फिरणाऱ्या चाकाच्या कडेला असलेलं एक किलो वजन गाडी पळवताना जवळजवळ दोन किलोसारखं वागतं, कारण ते पुढेही न्यायचं असतं आणि फिरवायचंही असतं. चार चाकांत मिळून आठ किलो वाढले तर ते फार तर सोळा किलोसारखे वाटतील. दीड टनाच्या गाडीत हा एक टक्का झाला.

हायब्रिडमध्ये तो एक टक्काही पूर्ण वाया जात नाही. सात रस्त्याच्या सिग्नलला तुम्ही पाय उचलता, हलका ब्रेक लावता, तेव्हा मोटर जनरेटर होते आणि गाडीच्या व चाकांच्या वेगातली काही ऊर्जा बॅटरीत परत जाते. सगळी नाही, पण बरीचशी. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरची बॅटरी पाऊण युनिटच्या आसपास, म्हणजे अगदी लहान आहे. ती दिवसभर अशीच भरत आणि रिकामी होत राहते आणि मायलेज त्यातूनच निघतं.

टायरच्या रबराचं तसं नाही. रस्त्याला टेकताना टायर दबतो, सुटताना पुन्हा आकार घेतो, आणि या दबण्या-सुटण्यात ऊर्जेची उष्णता होते. ती हवेत जाते. कुठलीही मोटर ती परत आणू शकत नाही. कमी विरोधाच्या टायरमध्ये हा विरोध गाडीच्या वजनाच्या ०.८ टक्क्यांच्या आसपास असतो, रुंद आणि जास्त पकडीच्या टायरमध्ये तो १.१ टक्क्यांपर्यंत सहज जातो. माणसं धरून १,६०० किलोची गाडी घ्या. पहिल्या टायरवर तिला सतत १३ किलोचा जोर लावून पुढे ढकलावं लागतं, दुसऱ्यावर साडेसतरा किलोचा. शहरातल्या वेगात, जिथे वारा अजून फारसा आडवा येत नाही, तिथे हाच सगळ्यात मोठा विरोध असतो, आणि तो एक तृतीयांशाहून जास्त वाढला. ज्या गावातल्या वापरासाठी हायब्रिड घेतली, तिथेच हा फटका बसतो.

टोयोटाच्या २०२३ च्या प्रियसचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. ती आपल्याकडे विकली जात नाही, पण आकडे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे आहेत. १७ इंची चाकांच्या मॉडेलला गॅलनला ५७ मैल, १९ इंची चाकांच्या वरच्या मॉडेलला ५२. आपल्या भाषेत लिटरला सुमारे २४.२ आणि २२.१ किलोमीटर. इंजिन, मोटर, बॅटरी तीच. टायरची रुंदीसुद्धा दोन्हीकडे १९५ मिलिमीटर. वरच्या मॉडेलमध्ये सामान जास्त असल्याने थोडं वजन वाढतं, पण मोठा वाटा चाक-टायरचाच. जवळजवळ नऊ टक्के मायलेज गेलं, तेही कंपनीने स्वतः निवडलेल्या चाकांवर. हायरायडर हायब्रिडचं जाहीर मायलेज २७.९७ आहे. त्यातले नऊ टक्के म्हणजे अडीच किलोमीटर. तुमच्या गाडीत नेमकं एवढंच जाईल असं नाही, पण दुकानात "मायलेजला काय बी होत नाही" असं कुणी म्हणालं तर हे आकडे आठवा.

म्हणून हायब्रिडला टायर निवडताना मूळ रुंदी शक्यतो सोडू नये. फ्रिजवर असतात तसे ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारे आता काही टायरवरही मिळतात, ते विचारावेत. आणि चाकाच्या डिझाइनबाबत, पुणे रोडवर सतत ९०-१०० ने जाणाऱ्याने फार उघड्या, खोल काड्यांचं चाक टाळलेलं बरं. अशा चाकात हवा घुसळते. कंपन्या हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांना सपाट, जवळजवळ झाकलेली चाकं देतात ती याच कारणाने. दिसायला डावी वाटली तरी ती कामाची आहेत.

इंच वाढवायचेच असतील तर

चाक मोठं घेतलं तर टायरची भिंत तेवढी बुटकी घ्यावी लागते, म्हणजे बाहेरचा एकूण व्यास तोच राहतो. टायरच्या मापात पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि शेवटचा रिमचे इंच. २१५/६० आर १७ या टायरची भिंत १२९ मिलिमीटर, एकूण व्यास सुमारे ६९० मिलिमीटर. १८ इंचात २१५/५५ घेतला तर व्यास ६९४, फरक अर्धा टक्का, चालेल. २२५/५५ आर १८ घेतला तर ७०५, म्हणजे दोन टक्क्यांहून जास्त मोठा. मग गाडी १०० किलोमीटर धावली तरी मीटर ९८ च दाखवतो, वेगही खऱ्यापेक्षा कमी दिसण्याकडे झुकतो, आणि मायलेजचा हिशेब आणखी वाईट दिसतो. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि स्थिरता-नियंत्रणही चाकाच्या फेऱ्या मोजूनच काम करतात. दीड टक्क्याच्या आत राहा. आणि चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे असू द्या.

पण मुळात आपल्याकडे इंच वाढवावेत का? माझं उत्तर नाही असं आहे. सोलापूर जिल्ह्यात काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचं डांबर लाटांसारखं होतं किंवा तुटतं. खड्ड्याची कड टायरची भिंतच झेलते. १२९ मिलिमीटरची भिंत १९ इंची चाकावर १०० च्या आसपास येते, आणि जो धक्का रबराने घेतला असता तो रिम घेतो. त्यात एप्रिल-मेचा चाळीसच्या वरचा पारा. हवा सकाळी टायर थंड असताना, दारावरच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याएवढीच भरा. साधारण पाच-सहा अंशांना एक पीएसआय दाब आपोआप वाढतो, कंपनीने तो धरलेला असतो. दुपारी तापलेल्या टायरची हवा मोजून ती काढून टाकली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर धावतो, जास्त तापतो आणि बुटक्या भिंतीचा टायर तर खड्ड्यात रिमसकट जातो.

टायरच्या मापापुढचा आकडाही बघा. ९६ म्हणजे एक टायर ७१० किलो पेलतो, ९१ म्हणजे ६१५. मूळपेक्षा कमी आकड्याचा टायर घेऊ नये, हायक्रॉससारख्या सात-आठजण बसणाऱ्या गाडीला तर कधीच नाही. चाकाच्या पाठीमागेही त्याची भारक्षमता किलोत ओतलेली असते. ती एका ॲक्सलवर पडणाऱ्या कमाल भाराच्या निम्म्याहून जास्त हवी.

मधलं भोक आणि नट

दुकानातल्या मॅगव्हीलचं मधलं भोक अनेक गाड्यांना चालावं म्हणून मोठं ठेवतात, बऱ्याचदा ७३.१ मिलिमीटर. पाच नटांच्या बहुतेक टोयोटांचा हब ६०.१, होंडाचा ६४.१. मधली फट हब रिंगने भरायची असते. रिंग नसेल तर चाक अचूक मध्यावर बसत नाही आणि बॅलन्सिंग कितीही केलं तरी ८०-१०० ला स्टिअरिंग थरथरतं. लोक मग परत परत बॅलन्सिंग करत बसतात. रिंग ॲल्युमिनियमची घ्या, आतला-बाहेरचा व्यास मोजून.

नटांच्या बाबतीत गाडीवरचा लोगो बघून अंदाज करू नका. मारुतीच्या बहुतेक गाड्यांचे आटे १२ × १.२५ (जाडी आणि दोन आट्यांतलं अंतर, मिलिमीटरमध्ये) असतात, टोयोटा-होंडाच्या बहुतेकांचे १२ × १.५. हायरायडरवर टोयोटाचं नाव असलं तरी ती सुझुकीच्या प्लॅटफॉर्मवरची आहे. स्वतःच्या गाडीचा एक नट काढून दुकानात न्यावा, हा उत्तम उपाय. आटे जुळले तरी नटाचं तोंडही जुळायला हवं. बाजारातल्या बहुतेक मॅगव्हीलना ६० अंशांचा निमुळता नट लागतो, होंडाच्या मूळ चाकांना गोल तोंडाचा, टोयोटाच्या अनेक मूळ चाकांना वॉशरवाला सपाट. गोल तोंडाचा नट निमुळत्या भोकात घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण एका बारीक रेषेवर टेकलेला असतो आणि धावताना सैल होतो. ही बाब किती गंभीर आहे ते २०२२ मध्ये दिसलं. टोयोटाने आपली नवी कोरी इलेक्ट्रिक बीझेड४एक्स परत मागवली, कारण हबचे बोल्ट सैल होऊन चाक निखळण्याचा धोका होता.

चाक पालथं करून बघा

मॅगव्हील नेहमी पाठीकडून तपासावं. तिथे माप, ईटी, भारक्षमता आणि दर्जाची चिन्हं ओतलेली असतात. आयएसआय चिन्ह बघा, जपानी चाकांवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए. काहीच नसेल, नुसता स्टिकर असेल, तर चाक कितीही स्वस्त असलं तरी परत टांगायला सांगा. वेल्डिंग केलेलं जुनं चाकही घेऊ नये. रंग नवा असला तरी आतल्या कडेवर बोट फिरवलं की सांधा लागतो.

ईटी लिहिलेला नसेल तर मोजता येतो. चाक पालथं ठेवा, रिमच्या वरच्या कडेवर एक सरळ पट्टी आडवी टाका. पट्टीपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतची खोली मोजा. समजा, ती १४० मिलिमीटर आली. आता रिमची एका बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतची पूर्ण रुंदी मोजा. ६.५ जे च्या चाकाची ती साधारण १९० येते, कारण लिहिलेली रुंदी टायर बसतो तिथली असते, कडा धरून ती इंचभर जास्त भरते. १९० चे निम्मे ९५. १४० वजा ९५, ईटी ४५.

गाडीत किती जागा आहे ते घरीच बघता येतं. सपाट जागी, चाकं सरळ ठेवून, मडगार्डच्या कडेवरून गवंड्याचा ओळंबा सोडा. दोरीपासून टायरच्या सगळ्यात फुगीर भागापर्यंत किती मिलिमीटर आहेत ते मोजा. आतल्या बाजूला टायर आणि शॉकॲब्सॉर्बर यांच्यात ओल्या कणकेचा गोळा हलकेच दाबून काढला की त्याची जाडी म्हणजे मोकळी जागा. हे दोन आकडे कागदावर लिहून मग दुकानात जा. नव्या चाकाचा आत-बाहेरचा फरक या जागेत बसवून किमान पाच-सात मिलिमीटर उरायला हवेत. रुंदी तीच ठेवली तर मूळ ईटीच्या पाच मिलिमीटर इकडेतिकडे राहा. मी त्यापुढे जाणार नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. कंपनीने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकाराला दिलेलं माप घेतलं तर वादाला जागा उरत नाही. विमा कंपनीला नवी चाकं लेखी कळवून पॉलिसीत नोंदवून घ्या, नाहीतर चोरी किंवा अपघातात त्यांचे पैसे मिळणं अवघड. गाडी वॉरंटीत असेल तर जुनी चाकं विकू नका.

बसवताना कारागिराला सांगा, "अण्णा, गनने नुसतं धरून घ्या, शेवट टॉर्क पान्याने करा." टॉर्क पाना नट किती जोराने आवळला ते मोजतो. बऱ्याच गाड्यांना १०० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. हबवरचा गंज आधी ब्रशने घासून घ्या. टायरच्या हवेचा सेन्सर असेल तर तो जुन्या चाकातून काढून नव्यात बसवला का, ते टायर चढवण्याआधी बघा. मग अलाइनमेंट. नंतर पंढरपूरला एक फेरी मारून या, जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या आत होतात, आणि गाडी थंड झाल्यावर वीसही नट त्याच टॉर्कला पुन्हा एकदा तपासून घ्या.